सहादू आप्पांचा मुका बाजा

सहादू आप्पांच्या घरात बल्ब बदलायचा म्हटला तरी परमिट लागायचं.

आप्पांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, स्विचयार्डात. कंट्रोल रूममध्ये बसून बटन दाबायचं आन् तिकडं यार्डात धाडकन ब्रेकर पडून लाइन बंद व्हायची. तिथला कायदा असा, की लाइनीवर माणूस चढायचा तर आधी साहेबाचं परमिट. मग स्विच बंद. मग स्विचावर लाल पाटी. आन् फोनवर इकडच्यानं जे सांगितलं ते तिकडच्यानं जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, तवर कुणी कशाला हात लावायचा नाय. कायदा बेस हाय, त्यानं माणसं जिती राहतात. पण आप्पा रिटायर झाले तेव्हा निरोपाला मिळालेल्या घड्याळाबरोबर हा कायदाही घरी आला.

साळूबाईला मिक्सर पुसायचा असला, की आप्पा उठून घराचा मेन स्विचच पाडायचे आन् वर लाल पाटी अडकवायचे : ‘माणूस काम करत आहे. स्विच चालू करू नये.’

‘‘माणूस कुठं काम करतोय? मी करतीय,’’ साळूबाई म्हणायची.

‘‘बाई बी माणूसच असती.’’

‘‘हे स्वयंपाकाच्या वक्ताला बरं आठवत नाय! आन् फ्रिज कशाला बंद पाडला? दूध नासलं सगळं.’’

‘‘दूध नासलेलं परवडलं. बायको करपलेली परवडत नाय.’’

हे आप्पांचं प्रेमाचं बोलणं. याच्यापलीकडं त्यांना काही येत नव्हतं. येत होती ती फक्त पेटी. गावच्या भजनी मंडळात पेटीवाल्याची जागा आप्पांची. फर्स्ट शिफ्ट करून आले तरी एकादशीला मारुतीच्या देवळात पेटीवर आप्पाच. त्या जागेसाठी माणूस ड्युटी बदलून घ्यायचा, पाव्हण्याचं लग्न टाळायचा. पण मागल्या साली त्यांचा डावा खांदा असा धरला, की हात पुढं-मागं हलेना. उजव्या हाताची बोटं शाबूत, पण पेटीचा भाता मारणार कोण?

आप्पांनी तोड काढली. बोटं आप्पांची, भाता साळूबाईचा.

साळूबाई भाता मारायची तो आठवण येईल तसा. आठवलं की दणादणा, नाय आठवलं की नाय. आप्पा तान घेऊन वर चालले की हिला गॅसवरच्या दुधाची याद यायची, ही उठून जायची आन् आप्पांचा सूर तिथंच लोंबकळत राहायचा. तरी घरात हे खपलं. देवळात एकदा भर भजनात आप्पा कानाशी लागून म्हणाले, ‘‘आगं, जरा नीट मार.’’ साळूबाईनं भात्यावरचा हात काढला आन् पदर खोचून म्हणाली, ‘‘घ्या, मारा तुम्हीच नीट.’’ पेटीचा सूर पंक्चर ट्यूबसारखा बसत बसत गेला. सगळं मंडळ त्याच्याबरोबर खाली उतरलं.

त्या दिवशी बाजूला गोटीराम बसला होता. गोटीराम म्हणजे साळूबाईचा धाकटा भाऊ, मूळचा घोटीचा. आमच्या गावात मळा वाट्यानं करायला आला आन् मेथी-कोथिंबीर लावता लावता इथंच राह्यला. पेटी त्यालाही येते. आप्पांइतकी नाय, पण दोन्ही हात हलतात. त्यानं पेटी पुढं ओढली आन् भजन सावरलं.

आमचे वाल्मीकबुवा पखवाज वाजवतात आन् मंडळही तेच चालवतात. ते म्हणाले, ‘‘आप्पा, येत्या एकादशीपर्यंत वाट पाहू. तुम्ही एकट्यानं वाजवली तर जागा तुमची. नाय तर गोटीराम कायमचा.’’

‘‘दाजी, टाळ देऊ का?’’ गोटीराम म्हणाला. ‘‘एका हातानं बी वाजतो, मांडीवर आपटून.’’

आप्पा तडक उठले. घरी गेले आन् स्वतःच्याच पेटीला लाल पाटी अडकवून झोपले.

आप्पांचा पोरगा महेश अंबडला कंपनीत. त्याला बापाचं तोंड बघवेना. त्यानं फोनवर धुंडाळून एक बाजा मागवला. भाता नाय, पट्ट्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या, वजनाला शाळेच्या पाटीएवढा. खोकं आलं त्या दिवशी महेश ड्युटीवर होता. साळूबाईनं बाजाला हळद-कुंकू वाह्यलं, आप्पांनी आपल्या बॅटरीची चार्जिंगची वायर त्याला जोडून भिंतीच्या प्लगात घातली. लाल, हिरवे, निळे दिवे लागले. आप्पांनी टोपी सारखी केली, डोळे मिटले आन् बोटं टेकवली.

टक. टक. टक.

टायपिंगच्या क्लासात येतो तेवढाच आवाज. आप्पांनी पट्ट्या जोरात दाबल्या. जोरात टकटक झाली.

तेवढ्यात गोटीराम मेथीची जुडी द्यायच्या निमित्तानं दारात हजर. ‘‘का वो दाजी, बाजा उपासाला बसलाय का मौनाला?’’

‘‘तू मेथी ठेव आन् चालू लाग.’’

‘‘लय सोज्वळ बाजा हाय. शेजाऱ्याला तरास नाय, देवाला तरास नाय.’’

आप्पांनी बाजा उलटा केला, उभा केला, कानाला लावला. आवाज यायची जाळीच कुठं दिसंना. साळूबाई म्हणाली, ‘‘आवाज निराळा मागवावा लागत असंल. आपला टीव्ही आला तव्हा डिश निराळीच आणावी लागली का नाय?’’

सगळे तिला हसले. पण ती बोलली ते खरंच निघालं.

सून प्रतिभा द्राक्षाच्या एका कंपनीची बिलं घरूनच लॅपटॉपवर करते. तिनं खोक्यातलं पुस्तक वाचलं आन् म्हणाली, ‘‘आप्पा, याच्यात आवाजच नसतो. हे फक्त सांगतं, कुठली पट्टी दाबली, किती जोरात दाबली. वाजवायचं काम कॉम्प्युटरचं.’’

गोटीरामनं कपाळावर हात मारला. ‘‘म्हंजी बोटं एकाची आन् आवाज दुसऱ्याचा? हे तर अक्का भाता मारायची तसंच झालं.’’

आप्पांचा चेहरा मात्र उजळला. एवढा तर ते रिटायर झाले त्या दिवशीही उजळला नव्हता. ‘‘पोरी, हे तर कंट्रोल रूम झालं! बटन हितं, धडाका तिकडं. आन् तुझा लॅपटॉप म्हंजी यार्ड!’’

‘‘हो, तसंच म्हणा.’’

हे ‘तसंच म्हणा’ प्रतिभाला लय महागात पडलं. एकदा यार्ड म्हटल्यावर यार्डाचा कायदा आला. बाजा ओसरीतल्या बाजेवर, लॅपटॉप समोरच्या पाटावर, आन् लॅपटॉपपाशी यार्डाचा माणूस म्हणून साळूबाई. दोघांत हातभराचं अंतर.

‘‘हॅलो यार्ड!’’ आप्पा ओरडले.

‘‘हितंच हाय मी. वरडता कशाला?’’

‘‘मी सांगतो ते परत म्हणून दाखव.’’

‘‘मी सांगतो ते परत म्हणून दाखव.’’

‘‘आगं, हे नाय!’’

‘‘आगं, हे नाय!’’

‘‘साळू, माझं डोस्कं फिरवू नको.’’

‘‘साळू, माझं डोस्कं फिरवू नको. म्हटलं. आता जाऊ का? भाकरी टाकायच्यात.’’

इतकं होऊनही बाजा वाजेना. लॅपटॉप म्हणायचा, कुणी जोडलेलंच नाय. प्रतिभानं लॅपटॉप बंद करून चालू केला, बाजा काढून परत लावला, भोक बदलून पाह्यलं. बाजाचे दिवे तर झगमग लागलेले. शेवटी तिनं वायरच हातात घेऊन उलटसुलट पाह्यली.

‘‘आप्पा, ही तुमच्या बॅटरीची वायर ना?’’

‘‘व्हय. चांगली हाय, करंट येतो.’’

‘‘करंटच येतो नुसता. ही वायर खाऊ घालते, निरोप नेत नाही. खोक्यात दुसरी असेल.’’

खोकं पालथं घातलं. वायर नाय. सगळं घर धुंडाळलं. मग साळूबाई हळूच म्हणाली, ‘‘ती काळी दोरी का? लय चिवट वाटली, म्हून मी मच्छरदाणीच्या कोपऱ्याला बांधली.’’

मच्छरदाणी सोडली, वायर लावली. लॅपटॉपनं ‘टुंग’ केलं आन् बाजाचं नाव पडद्यावर आलं. प्रतिभानं पेटीच्या आवाजाचा प्रोग्राम आधीच उतरवून ठेवला होता. आप्पांनी पट्टी दाबली. काही नाय. आप्पांनी बोट उचललं. तेवढ्यात लॅपटॉपमधून पेटी बोलली, ‘‘सा.’’

आप्पा दचकले. ‘‘कोण हाय?’’

‘‘तुम्हीच आप्पा, मघाचे.’’

आवाज येत होता, पण मागून. आप्पांचं बोट ‘प’वर जाई तवर लॅपटॉप ‘ग’ म्हणत असायचा. गोटीराम आता रोजच येऊन बसू लागला होता, त्याला असला तमाशा फुकट कुठं मिळणार? तो दारातून म्हणायचा, ‘‘दाबा दाजी, सूर निघालाय. सामनगावच्या फाट्यावर आलाय. येईल येईल.’’

आप्पा हार मानणाऱ्यातले नव्हते. त्यांनी दोन दिवस उशिराचा सराव केला. म्हंजी भजन पहिल्या ओळीवर असताना दुसरी ओळ दाबून ठेवायची, वेळेला आपोआप येते. घरात ते जमूही लागलं. फक्त भजन संपायच्या आधी आप्पांची बोटं उठायची आन् हात जोडून बसलेल्या आप्पांच्या समोर पेटी एकटीच वाजत राहायची. साळूबाईला ते अशुभ वाटलं.

मग प्रतिभाला एका व्हिडिओत औषध सापडलं. ‘‘आप्पा, लॅपटॉपमध्ये एक टाकी असते. ती भरल्याशिवाय तो आवाज सोडत नाही. टाकी बारीक केली, की आवाज लवकर येतो.’’

‘‘मंग कर ना बारीक. पार वाटीएवढी कर.’’

वाटीएवढी केली, तर लाह्या फुटल्यासारखी तडतड. थोडी मोठी केली, तर उशीर. पुन्हा बारीक, पुन्हा तडतड. शेवटी एका ठिकाणी येऊन तडतड थांबली आन् बोट टेकताच सूर आला. भाता नाय, खांदा हलायचा नाय, साळूबाईची मिनतवारी नाय. आप्पा जेवणाची वेळ टाळून वाजवत बसले. गोटीराम त्या दिवशी दारात टेकलाही नाय. मेथी ठेवली आन् गेला.

आता इथं सगळं नीट झालं होतं. हात लावायचं काम नव्हतं. पण आप्पांनी प्रतिभाला विचारलं, ‘‘ह्या बाजाच्या काचेवर एकचा आकडा कशाचा?’’

‘‘चॅनलचा, आप्पा. एकपासून सोळापर्यंत असतात. निरोप कुठल्या लाइनीवरून पाठवायचा, ते.’’

ती एवढं बोलून बिलं करायला गेली. आप्पा त्या एकाकडं बघत राह्यले. यार्डात सगळी नोकरी त्यांनी दहा नंबरचा फिडर, म्हंजी दहा नंबरची लाइन, सांभाळला होता. त्यांच्या हातात असताना दहा नंबरनं कधी दगा दिला नाय. साहेब बदलले, सरकारं बदलली, दहा नंबर चालू. एक नंबर मात्र ज्याच्याकडं होता त्याच्याशी आप्पांचं जमत नव्हतं, आन् तो फिडर पावसाळ्यात हटकून पडायचा.

एकादशीच्या संध्याकाळी देवळात बाजा मांडला. कीर्तनकार बोलत होते, त्यामुळे वाजवून बघायला मिळालं नाय. प्रतिभा लॅपटॉप सुरू करून त्याला देवळाच्या भोंग्याची वायर जोडत होती. तेवढ्यात आप्पांनी गुपचूप बटन दाबत दाबत एकाचा दहा केला, देवाला नमस्कार केला, बटनावर चिकटपट्टी मारली आन् वर लाल पाटी अडकवली.

कीर्तन आटोपलं. माणसं सरसावून बसली. वाल्मीकबुवांनी पखवाज मांडीवर घेतला. गोटीराम पेटीवर हात ठेवून शेजारीच तयार, म्हंजी आप्पा अडकले की लगेच घुसायला बरं. बुवांनी मान डोलावली. आप्पांनी पांढरी एकचा ‘सा’ लावला.

ढुब्.

आप्पांनी बुवांकडं रागानं पाह्यलं. ‘‘बुवा, आधी सूर लावू द्या, मंग ठोका.’’

‘‘मी कुठं ठोकलं? हात वर हाय माझा.’’

आप्पांनी ‘म’ दाबला. पत्र्याच्या डब्यावर काठी बसली. ‘प’ दाबला, बैलाच्या गळ्यातली घंटी वाजली. ‘ध’ दाबला, कुणी सुपात ज्वारी पाखडली. आप्पांना वाटलं, देवळामागं कुणी काम करतंय. ते जोर करून वर गेले आन् वरच्या ‘सा’वर बोट दाबून धरलं.

भोंग्यातून शिट्टी निघाली. लांबलचक.

बाहेर पारापाशी उभा असलेला रिक्षावाला पोलीस आला समजून घाईघाईनं रिक्षा काढू लागला. खांबाला टेकून डुलक्या घेणारी कुसाबाई ताडकन उठली, पिशवी काखेत मारली आन् ओरडली, ‘‘ये कंडक्टर, थांब रे बाबा, म्हातारी उतरतीय!’’

पोरांनी तर धिंगाणा मांडला. त्यांना एवढं झ्याक भजन आजवर मिळालं नव्हतं. वाल्मीकबुवांनी पखवाज खाली ठेवला. ‘‘आप्पा, तुम्ही पेटीवाल्याच्या जागंसाठी बसला होता. पखवाजवाल्याची जागा कधी मागितली? आधी सांगायचं, मी घरी बसलो असतो.’’

आप्पांच्या टोपीखालून घाम निथळला. प्रतिभा वाकून बघते, तर पाटीआड काचेवर दहाचा आकडा. ‘‘आप्पा, दहा नंबर कुणी केला? दहा नंबरची लाइन ढोल-ताशांसाठी राखीव असते! सोडा हात, एक करते.’’

‘‘थांब!’’ आप्पांनी पाटीवर हात ठेवला. ‘‘पाटी लागलीय. परमिटशिवाय हात लावायचा नाय.’’

‘‘आप्पा, इथं करंट लागून मरणार आहे का कुणी?’’

‘‘मी मेल्यालाच जमा हाय. पण कायदा तो कायदा. जो कामात नाय, अशा माणसाचं परमिट पाहिजे.’’

सगळ्या मंडळात कामात नसलेला, हात मोकळे असलेला एकच माणूस होता. सगळे त्याच्याकडं बघू लागले.

गोटीरामनं पाय पसरले. अशी वेळ माणसाला रोज येत नाय. नुसतं गप्प बसलं तरी जागा त्याची होती. ‘‘मी परमिट देऊ व्हय दाजी? बघू. इचार करावा लागंल. मोठी जबाबदारी हाय. साहेब लोक असं लगेच देत नसतात. आधी म्हणा, गोटीराम पेटी बरी वाजवतो.’’

आप्पांनी दात आवळले. ‘‘बरी वाजवतो.’’

‘‘‘माझ्यापेक्षा बरी’ म्हणा.’’

‘‘ते नाय म्हणणार. जागा गेली तरी बेहत्तर.’’

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं साळूबाई उभी राह्यली. ‘‘गोट्या! दे ते परमिट मुकाट. नाय तर भाऊबीजेला माझ्या दारात दिसू नको. आन् मेथी बी आणू नको, कडू निघती तुझी.’’

मेथीचं बोलणं गोटीरामला लागलं. तो सावरून बसला. ‘‘काय म्हणायचं असतं?’’

‘‘मी म्हणतो ते परत म्हण,’’ आप्पा म्हणाले. ‘‘दहा नंबर बंद.’’

‘‘दहा नंबर बंद.’’

‘‘एक नंबर चालू करायला परवानगी.’’

‘‘एक नंबर चालू करायला परवानगी.’’

‘‘सगळी माणसं लाइनीवरून बाजूला.’’

गोटीरामनं मागं वळून खरोखर पाह्यलं. पोरांना दोन हात मागं सरकवलं. कुसाबाईला खांबाआड बसवलं. मग म्हणाला, ‘‘सगळी माणसं बाजूला.’’

आप्पांनी स्वतःच्या हातानं पाटी काढली. प्रतिभानं एक नंबर लावला. आप्पांनी बोट टेकवलं आन् भोंग्यातून पेटी आली, भरीव, एकसारखी, जिला दम लागत नाय आन् दुधाची आठवण येत नाय. वाल्मीकबुवांनी रागातच पखवाज उचलला, रागातच ठेका धरला, आन् अभंगाच्या तिसऱ्या कडव्याला ते राग विसरले. पोरं मात्र मधूनमधून ओरडत होती, ‘‘आप्पा, शिट्टी!’’

भजन संपल्यावर बुवांनी निकाल दिला. ‘‘जागा आप्पांची.’’

‘‘बुवा, एक अडचण हाय,’’ आप्पा म्हणाले. ‘‘यार्डात माणूस लागंल. प्रतिभाला बिलं असतात, आन् साळूबाई म्हटलेलं परत म्हणती, पण नको ते.’’

सगळे परत गोटीरामकडं बघू लागले.

‘‘मी पेटीवाला हाय,’’ गोटीराम म्हणाला. ‘‘मी काय लॅपटॉप सांभाळत बसू?’’

‘‘नको बसू. टाळ घे. एका हातानं बी वाजतो, मांडीवर आपटून.’’

तेव्हापासून आमच्या मंडळात पेटीवर दोन माणसं बसतात. आप्पा बाजावर, गोटीराम मांडीवर लॅपटॉप घेऊन. ‘‘यार्ड तयार?’’ ‘‘यार्ड तयार. लवकर आटपा दाजी, मांडी भाजती.’’ हे झाल्याशिवाय आमच्याकडं भजन सुरू होत नाय. परगावची मंडळं आधी हसतात, मग त्यांना वाटतं, ही काहीतरी जुनी प्रथा असंल. आन् मधल्या वेळात आप्पांना खोकला आला, की दोन ओळी गोटीराम आपल्या हातानं बाजावर ओढून घेतो. आप्पा खोकला आवरता घेतात.

परवा घोटीला सप्त्यात भजन होतं. तिथं रीत अशी, की भजन संपलं की गायकाला, पखवाजवाल्याला आन् पेटीवाल्याला टोपी-नारळ द्यायचा. यजमान नारळ घेऊन आला आन् दोघांसमोर थबकला.

‘‘पेटीवाला कोण तुमच्यातला?’’

‘‘मी,’’ दोघं म्हणाले.

यजमानानं टोपी आप्पांना घातली आन् नारळ गोटीरामच्या हातात दिला. जीपमध्ये बसल्यापासून भांडण जुंपलं. आप्पांचं म्हणणं, बोटं माझी, नारळ कंट्रोल रूमचा. गोटीरामचं म्हणणं, आवाज यार्डातून आला, सगळ्या घोटीनं ऐकला, आन् घोटी माझं गाव. वाटेतली विल्होळी मागं पडली तरी निकाल लागेना. पुढच्या सीटवर बसलेल्या साळूबाईनं मागं न बघता हात लांब केला. ‘‘हिकडं आण तो नारळ.’’

‘‘अक्का, तो माझा...’’

‘‘हिकडं आण.’’

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच्या वड्या केल्या. मिक्सर लावायच्या आधी तिनं परमिट मागितलं नाय आन् आप्पांनीही पाटी अडकवली नाय, कारण आप्पा दारात उभे राहून वड्यांचा वाटा मागायला आलेल्या गोटीरामला आत येऊ देत नव्हते.